सावडीची पोरं

माझी मुलगी मैत्री येत्या जूनमध्ये पाचवीत जाणार, या गोष्टीची मला वर्षभर भीती वाटत होती.

आमच्या हेदवाडीची शाळा चौथीपर्यंत आहे. घरापासून इतकी जवळ की ओट्यावर बसलो तरी प्रार्थनेतला मैत्रीचा आवाज मला वेगळा ओळखू येतो. पाचवीला मात्र खालच्या मोठ्या गावात जावं लागतं. वाडीत एसटी येत नाही. सकाळी गजाचा टेंपो येतो. दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या आणि शाळेची पोरं एकत्र बसतात आणि घाट उतरतात.

त्या घाटात दोन वर्षांपूर्वी माझी बायको दर्शना गेली. खालापूरला नात्यातल्या हळदीला गेलो होतो. परत येताना टेंपो वळणावर कलंडला. तो गजाचा नव्हता, लग्नघरानं ठरवलेला होता. मागे अकरा माणसं होती. दहा जण खरचटून उठले. मी पुढे ड्रायव्हरशेजारी होतो, झोपलेली मैत्री माझ्या मांडीवर. मागे वारा लागेल, तिला घेऊन पुढं बसा, असं दर्शनाच म्हणाली होती.

तेव्हापासून मी टेंपोत बसलो नाही आणि मैत्रीला बसू दिलं नाही. मी ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचं काम करतो. टाकीवर जायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा, पाइपलाइन बघायची. सगळं पायी होतं. खालापूरला काम निघालं तर घाट चालत उतरतो आणि खाली एसटी धरतो. मैत्रीला शाळेतून यायला पाच मिनिटं उशीर झाला तरी माझ्या हातांना घाम सुटतो. कोणाचा फोन वाजला की आधी ती कुठे आहे ते बघतो.

माझी आई ठकूबाई गप्प बसणारी नाही. ती म्हणते, "भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावलायस, आणि पोरीच्या पाचवीचं नाव काढलं की तोंड फिरवतोस. रोज बघतोस तरी कसा रं त्यांच्याकडं?"

मी व्हॉल्व्हची चावी उचलतो आणि टाकीकडे निघतो.

जानेवारीत शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली. समितीचा अध्यक्ष मीच आहे. दहावी पास आहे आणि कुठे बाहेर जात नाही, म्हणून लोकांनी मला केलं. आमच्या शाळेत जगदीश गुरुजी एकटेच. चार वर्ग एका खोलीत. शिकवण्यापेक्षा त्यांचा जास्त वेळ मोबाइलवर माहिती भरण्यात जातो. त्यासाठी ते रेंज शोधत टाकीपर्यंत चढून येतात, म्हणून माझी त्यांची रोज भेट होते. माणूस वाईट नाही.

गुरुजी म्हणाले, "तालुक्याहून साहेब पट बघायला येतायत. पटावर बावीस आहेत आणि हजर नऊ. तेरा भट्टीवर."

आमच्या वाडीत आमची बौद्धांची तीन घरं, बाकी ठाकर आणि कातकरी. दिवाळी झाली की बरीच कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि पोरांनाही नेतात. पावसाच्या तोंडावर परत येतात.

"वीसच्या आतल्या शाळा जवळच्या शाळेत मिळवायच्या असं वर चाललंय," गुरुजी म्हणाले.

"आणि पट टिकला तर?" मी विचारलं.

"टिकला तर पाचवीचा वर्ग इथंच मागता येईल. मी प्रस्ताव लिहून ठेवलाय."

त्यानंतर बैठकीत कोण काय बोललं ते मी नीट ऐकलंच नाही. पाचवी इथंच. ओट्यावरून आवाज ऐकू येईल अशी.

डोंगराच्या पलीकडे खिंडवाडी आहे. तिथल्या शाळेचीही हीच अडचण होती. तिथे भाग्यश्री बाई आहेत, त्याही एकट्याच. समितीत माझा शेजारी जैतू आहे. त्यानं तोडगा काढला.

"सावड करू," जैतू म्हणाला. "साहेब दोनी शाळांत एकाच दिवशी थोडाच येनार हाय? त्यांची पोरं आपल्यात बसवू. शेतात दुसऱ्याचा मानूस चालतो, तर वर्गात दुसऱ्याचं पोर का नाय चालनार?"

सगळे हसले. आमच्याकडे लावणीला मजूर लावणं कोणाला जमत नाही, म्हणून सावड असते. आज तू माझ्या शेतावर ये, उद्या मी तुझ्या शेतावर येतो. मी लहानपणापासून सावडीनं लावणी केली आहे. मीही हसलो आणि ठरावावर पहिली सही केली.

सोमवारी साहेब आले. तासभर आधी गजाचा टेंपो खिंडवाडीची बारा पोरं सोडून गेला होता. प्रत्येकाला एकेक नाव पाठ करून दिलं होतं आणि हजेरीखाली अध्यक्ष म्हणून माझी सही घेऊन ठेवली होती. साहेब वयस्कर होते, चष्मेवाले, कमी बोलणारे. त्यांनी हजेरीपट उलटा चाळला. आमच्या रोजच्या नऊ पोरांकडे न बघता जी नावं दोन-तीन महिने गैरहजर होती तीच त्यांनी काढली आणि त्याच पोरांना उभं केलं. मी दाराबाहेरून बघत होतो, वाटलं, आता फसलो. पण त्यातली एक किडकिडीत मुलगी उठली, भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशापाशी गेली आणि तालुके, नद्या, घाट धडाधड वाचत सुटली. दुसऱ्या एका पोरानं फळ्यावर भागाकार केला आणि ताळाही करून दाखवला.

"ही भट्टीवरून आलेली पोरं?" साहेब म्हणाले. "शाबास, गुरुजी."

गुरुजी घाम पुसत हसले. मीही सुटलो म्हणून हसलो. ती पोरं कोणी शिकवली, हा विचार माझ्या मनात आलाच नाही.

बुधवारी टाकीखालची लाइन फुटली. सकाळपासून दुपारपर्यंत मी तिथेच होतो. दोन वाजता खाली आलो तर शाळेला कुलूप. आवाज नाही. पटांगणात एकही चप्पल नाही.

जैतू त्याच्या दारात टोपली विणत बसला होता.

"गुरुजी कुटं गेले रं?"

"खिंडवाडीला. मगाशीच पोरं घिऊन. साहेब आज तिकडं हाय."

"चालत?"

"चालत कशाला? गजाचा टेंपो हाय की. गुरुजी पुडं बसले, पोरं मागं."

"मैत्री?"

"मैत्री बी. नऊच्या नऊ गेली. लय खूश होती. पयल्यांदा बसली ना टेंपोत."

मी म्हणालो, "मला कोणी विचारलं?"

जैतूला खरंच कळलं नाही. हातातली कांबी खाली ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला. "काय इचारायचं त्यात? सावड तूच मान्य केलीस. त्यांची पोरं आपलं काम करून गेली. आता आपली गेली नाय तर त्यांना तोंड दाखवशील का? लावनीला इचारतोस का तू, का बाबा, आता मी येऊ का म्हनून?"

त्याचं बरोबर होतं. सावडीत परतफेड बोलून दाखवत नाहीत, ती धरलेलीच असते. मला हे जैतूइतकंच माहीत होतं. पण मी आमच्या सोमवारापलीकडे बघितलंच नव्हतं.

गुरुजींना फोन लावला. लागला नाही. गजाचाही नाही. टेंपोनं खिंडवाडीला जायचं तर पूर्ण घाट उतरायचा, हायवेच्या कडेनं जायचं आणि पलीकडचा रस्ता चढायचा. चौदा किलोमीटर. खिंडीतून पाऊलवाट तीन किलोमीटर आहे, पण उभी. पावसाळ्यात तिथे दगड सुटतात, म्हणून चार महिने त्या वाटेनं कोणी जात नाही. मी त्या वाटेला लागलो.

मी पळत होतो की चालत होतो ते सांगता येणार नाही. करवंदीच्या जाळ्यांनी पायजमा फाटला. मी मनातल्या मनात टेंपोचं एकेक वळण घेत होतो. आता ते पहिल्या वळणाला असतील. मागचा फाळका नीट लावला असेल ना? मैत्री कडेला बसली असेल. तिला वारा खायला आवडतो. तिला कोणी सांगितलं असेल का, की कडेला बसायचं नाही? मीच कधी सांगितलं नव्हतं. टेंपोत बसायचंच नाही एवढंच सांगितलं होतं.

खिंडीच्या माथ्यावरून आमचा घाट दिसतो आणि त्याच्या खाली एक्स्प्रेसवे. मी घाटावर नजर टाकली. एका वळणावर गाड्या थांबल्या होत्या. चार-पाच माणसं कठड्यापाशी उभी होती आणि खाली दरीत वाकून बघत होती.

 मी खाली बसलो. तिकडे उतरावं तर अर्धा तास. खिंडवाडीला जावं तर वीस मिनिटं. मला उठताच येईना. दर्शनाच्या वेळी मी असाच बसलो होतो, रस्त्यावर, मैत्रीला धरून, आणि लोक असेच वाकून खाली बघत होते. मी ओरडलो. तिथून कोणाला ऐकू जाणार?

मग त्यातल्या एका बाईनं केस नीट केले, दुसऱ्यानं मोबाइल वर धरला आणि सगळी माणसं कठड्याला टेकून एकत्र उभी राहिली. फोटो काढत होती. फार्महाउसवर येणारे शहरातले लोक. मला रडू आलं आणि त्या लोकांचा रागही आला. मी उठलो आणि पलीकडे उतरलो.

खिंडवाडीच्या शाळेजवळ आंब्याखाली टेंपो उभा होता. गजा आत सीटवर आडवा झाला होता. मी त्याचा पाय धरून हलवला.

"पोरं कुटं हायत?"

"वर्गात. का रं प्रबुद्धा? तोंड असं का पडलंय? वाघबिघ बघितलास का काय?"

"नीट आली ना सगळी?"

"न्हाय, दोन वाटेत इकली." तो हसला, पण माझ्याकडे नीट बघितल्यावर उठून बसला. "आली रं बाबा, नीट आली. पानी पी."

मी पाणी प्यायलो नाही. मला मैत्री दिसायला हवी होती. मी शाळेच्या खिडकीपाशी गेलो.

आमच्या शाळेसारखीच एक खोली. तेच पत्रे, तसाच फळा. पण भिंतींवर खालपासून वरपर्यंत पोरांच्या हातचं लिहिलेलं लावलेलं होतं. कोणत्या झाडाला कधी फळ येतं, वाडीत किती घरं, विहिरीत कोणत्या महिन्यात किती पाणी. कोपऱ्यात चिंचोक्यांच्या दहा-दहाच्या पुड्या बांधून ठेवलेल्या होत्या. मैत्री दुसऱ्या रांगेत बसली होती. अंगावर ओरखडा नव्हता. मी खिडकीचा गज धरला आणि श्वास घेतला.

खुर्चीवर तेच साहेब होते. भाग्यश्री बाई फळ्याजवळ उभ्या होत्या. त्या आमच्याकडच्याच, ठाकर समाजातल्या, आश्रमशाळेत राहून शिकलेल्या. जगदीश गुरुजी मागे पोरांत बसले होते; बाईंचा वर्ग बघायला आलो, असं साहेबांना सांगितलं असणार. सोमवारी आमच्याकडे नकाशा वाचणारी आणि भागाकार करणारं, ती दोन पोरं आज दिसत नव्हती. साहेब ओळखतील म्हणून त्यांना घरी ठेवलं असणार.

साहेब म्हणत होते, "बाई, आधीच सांगतो. तुमच्यात आणि हेदवाडीत वाटेनं तीन किलोमीटर. दोन्ही शाळा राहणार नाहीत. एक राहील, तिला पाचवीचा वर्ग मिळेल. दुसरीची मुलं गाडीनं तिथे येतील. जी शाळा चांगली ती ठेवा, असं मी लिहिणार आहे. सोमवारी हेदवाडी बघितली. मला आवडली."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांना हे माहीत नव्हतं. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. दोन्ही शाळा वाचतील म्हणून तर सावड केली होती.

साहेबांनी हजेरीपट उलटा चाळायला घेतला. "कोंडी. चौथी. नोव्हेंबरपासून गैरहजर. आली आहे का आज?"

माझी मैत्री उभी राहिली. "हजर."

"ये. हे वाच."

फळ्यावर चार ओळी होत्या. मैत्री पहिला शब्द वाचून थांबली. दुसरा अक्षर अक्षर लावून वाचला. जोडाक्षर आलं तशी ती गप्प झाली. साहेब थांबले. तिनं मागे गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी मान खाली घातली.

"बरं, राहू दे. चौऱ्याऐंशी भागिले चार."

मैत्री खडू घेऊन उभी राहिली. पुढच्या रांगेतली खिंडवाडीची लहान पोरं बोटं वर करून कुजबुजत होती. एक तर मैत्रीपेक्षा वीतभर लहान होतं. मैत्रीनं चौऱ्याऐंशी लिहिले, खाली चार लिहिले आणि बेरीज केली. मग तिच्याच लक्षात आलं की काहीतरी चुकलं, आणि ती हातानं पुसायला लागली. तिचा हात थरथरत होता. ती थरथर मला माहीत होती. ती माझी होती.

संध्याकाळी ती अभ्यासाला बसली की मी तिच्या शेजारी बसायचो. दोन वर्षं रोज. ती आहे, श्वास घेतेय, एवढंच बघायचो. वहीत काय लिहितेय ते मी एकदाही बघितलं नव्हतं.

साहेब म्हणाले, "बाई, चौथीतली मुलगी आहे ही. हेदवाडीत भट्टीवरून आलेली मुलगी नकाशा वाचते, आणि तुमच्याकडे हे? मी काय लिहू?"

बाई दोन्हीकडून अडकल्या होत्या. खरं सांगावं तर नोकरी जाईल. नाही सांगावं तर शाळा जाईल. त्या मैत्रीकडे बघत होत्या, रागानं नाही. त्यांनी तिच्या हातातला खडू हळूच काढून घेतला.

मी गज धरून तसाच उभा होतो. गप्प राहिलो तर आमची शाळा राहणार होती. पाचवी माझ्या दारात येणार होती. मैत्रीला कधीच टेंपोत बसावं लागणार नव्हतं. मी वर्षभर जे मागत होतो ते सगळं समोर होतं, फक्त तोंड मिटून ठेवायचं होतं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

मी दारातून आत गेलो. "साहेब, ही कोंडी नाय."

सगळा वर्ग माझ्याकडे वळला. फाटलेला पायजमा, घामानं भिजलेला सदरा.

"तुम्ही कोण?"

"प्रबुद्ध सोनावळे. हेदवाडीच्या समितीचा अध्यक्ष. ही माझी मुलगी. मैत्री. ही आमच्या शाळेत शिकते."

"आणि सोमवारी नकाशा वाचला ती?"

"ती इथली. बाईंची."

मैत्री रडायला लागली. "बाबा, मी नाव बरोबर सांगितलं होतं! कोंडीच सांगितलं होतं!"

मी तिला जवळ घेतलं. "तुझं काय चुकलं नाय गं. तुझं काय बी चुकलं नाय."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मागे गुरुजी उठून उभे राहिले होते. बाई म्हणाल्या, "साहेब, माझ्यावर काय करायचं ते करा. पोरांच्या नावावर काही लिहू नका."

"तीन महिने विटा उचलणारी पोरगी असा नकाशा वाचते, तेव्हाच मला शंका यायला हवी होती," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तोंडी ऐकून मी वर काय सांगू? लेखी द्या. आणि सोमवारच्या हजेरीखाली तुमचीही सही आहे, हे लक्षात ठेवून द्या."

बाईंनी वहीचा कागद फाडून दिला. मी वर्गातल्या लहान बाकावर बसून लिहिलं. दोन्ही गावांनी सावड केली, ठराव मी मंजूर केला, पहिली सही माझी. शिकलेली मुलं इथली आणि न शिकलेली आमची. शिक्षकांनी शाळा वाचवण्यासाठी केलं, स्वतःसाठी नाही. खाली सही करताना पेन दोनदा अडकलं. पोलिसात जाईल का, पाणी सोडायचं काम राहील का, काही माहीत नव्हतं. साहेबांनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि "बघतो" एवढंच म्हणाले.

बाहेर गुरुजींनी मला गाठलं. "शाळा घालवलीत, अध्यक्ष. आता पाचवीला पोरगी डोक्यावर बसवून आणणार का इथं?"

 ते जाऊन टेंपोत पुढे बसले आणि काच वर केली.

पोरं मागे चढायला लागली. मी मैत्रीला म्हणालो, "आपण खिंडीतून चालत जाऊ."

"माझे पाय दुखतात. तू जा चालत, मी टेंपोत येते."

"एकटी?"

"एकटी कुठं? सगळी हायत की."

गजा फाळका धरून उभा होता. "चल रं प्रबुद्धा, ऊन उतरलं. ठरव काय ते."

मी वर चढलो. मैत्रीला आत, पोरांच्या मध्ये बसवलं आणि मी तिच्या आणि फाळक्याच्या मध्ये बसलो. टेंपो सुरू झाला तसे माझे दात वाजायला लागले. एका पोरानं विचारलं, "काका, तुमाला ताप आलाय का?" मी हो म्हणालो. एका हातानं फाळक्याचा खिळा धरला होता, दुसऱ्या हातानं मैत्रीचा दंड. उतारावर मी डोळे मिटले. मिटले की जास्त वाईट दिसायचं, म्हणून परत उघडले.

हायवेला लागल्यावर मैत्रीनं माझा हात सैल केला. तिच्या दंडावर माझी बोटं उमटली होती.

"बाबा, त्या बाईंना माझा राग आला असंल का?"

"माझा आला असेल. तुझा नाय."

"मग त्या मला घेतील का? मला तर भागाकार येत नाय."

"घेतील. म्हणून तर शाळा असते."

"पण मग रोज टेंपोत यावं लागंल."

आमचा घाट समोर दिसायला लागला होता. गजानं गिअर बदलला आणि टेंपो गचका खाऊन चढाला लागला.

"हो," मी म्हणालो. "यावं लागंल."

आणि परत तिचा दंड धरला, पण या वेळी जरा हलका.